हौसाच्या नावानं दिलेला निरोप

माझ्या लेकाला वाटतं, त्या सहलीतलं सगळं त्याला माहीत आहे. गाडी त्याची, चालवली त्यानं, तंबू ठोकले त्यानं — मग त्याला माहीत नसलेलं काय असणार? आहे. एक गोष्ट आहे. ती लेकाला माहीत नाही, सुनेला नाही, आणि जिला माहीत पाहिजे तिला तर नाहीच नाही. चार वर्षं झाली. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणून तुमच्यापुढं लिहायला बसले. बघू, किती लिहून होतंय ते.

माझं शिक्षण चौथी. माझ्या धाकट्या जावेचं, हौसाचं, तेवढंही नाही. ती कधी शाळेत गेलीच नाही. आम्ही कळसला राहतो, एका भिंतीच्या अल्याड-पल्याड. दोघींचे नवरे गेले. तिला मूलबाळ नाही. फोन माझ्याकडं असतो, कारण मला नाव वाचता येतं. तिला कुणाचा फोन आला तरी तो माझ्याच फोनवर येतो. मी घेते, मी ऐकते, आणि तिला सांगते. इतकी वर्षं हे असंच चाललं आहे. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कशाला वाटेल?

सहल माझ्यामुळं निघाली. त्या वर्षी आमच्या उसाला लवकर तोड आली, संक्रांतीच्या आत रान मोकळं झालं. लेक दत्ता डाळिंब-पेरूची पिकअप चालवतो. त्याच्या मागं लागले की मला समुद्र बघायचाय, वाळवंट बघायचंय आणि बर्फ बघायचाय. देव नको. देव पुष्कळ बघितले. दत्तानं गाडीला मागं ताडपत्रीचा टप बसवला, आत गाद्या टाकल्या, दोन तंबू घेतले, शेगडी घेतली. सुनेनं ज्वारीचं पीठ, खर्डा, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. हौसाला मीच ओढलं. ती म्हणत होती, "अक्का, मला कशाला? मी गोठा बघते." मला एकटीला तंबूत झोपायचं नव्हतं. म्हणून ओढलं.

माझा पाय एका जागी ठरत नाही. लहानपणापासून तसंच. रानात पाणी धरलं तरी मी बांधावरून इकडून तिकडं. घाट उतरून श्रीवर्धनच्या किनाऱ्याला पोचलो, तंबू पुरा ठोकला नव्हता तोवर मी दत्ताला विचारलं, उद्या कुठं? समुद्र बघितला, झालं. हौसा मात्र पाण्याकडं बघत बसून राहिली. मग म्हणाली, "एवढं पाणी, आन् एक गुंठा भिजायचा न्हाय." दत्ता हसून हसून वाळूत आडवा झाला. तंबूपुढं चूल मांडून भाकरी टाकत होतो तर म्हणाली, "गावाकडचं कुणी बघितलं तर म्हणंल, ह्या दोघी ऊसतोडीला गेल्या जणू."

ती अशी आहे. हे मी मुद्दाम सांगते आहे.

तिचं माहेर बारामतीच्या पलीकडं. माहेर म्हणजे एक भाऊ — तात्या — आणि त्याचा मुलगा सुभाष. दर भाऊबीजेला तात्या यायचा. आधी सायकलवर, नंतर सुभाषच्या मोटारसायकलवर मागं बसून. म्हातारा झाला तरी चुकला नाही. हौसाला रक्ताचं माणूस तेवढंच.

आता आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आमच्याकडं घरची लेक, घरची बहीण आल्याशिवाय मयत उचलत नाहीत. ती पाच कोसांवर असो नाहीतर पाचशे कोसांवर. तिरडी बांधून ठेवतात, भावकी ओट्यावर बसून राहते. कुणी घाई केली तर म्हातारी माणसं त्याला झापतात. ती येते, तोंड बघते, तोंडात पाणी घालते, मग खांदा लागतो. हल्ली बर्फाची पेटी आणतात, त्यामुळं दोन दोन दिवससुद्धा थांबतात. बहीण स्वतः "थांबू नका" म्हणाली तरच उचलायचं. पण अशी कोण म्हणते? मी तरी ऐकलं नाही.

आम्ही गुजरातेतून कच्छला गेलो. ते पांढरं रण. नजर जाईल तिथवर मीठ. हौसानं खाली वाकून चिमूट तोंडात टाकली आणि दत्ताला म्हणाली, "आरं, आपलं वरलं रान पाणी पाजून पाजून आसंच पांढरं झालंय की. ह्याच्यासाठी एवढं डिझेल जाळलंस?" ती दोघं पुढं गेली. मी गाडीजवळ होते. तेव्हा फोन वाजला. सुभाष होता.

"मावशी, तात्याला बारामतीला दवाखान्यात ठेवलाय. डाक्टर काय धड बोलंनात. सारखा आत्याचं नाव घेतोय. तिला तेवढं पाठवा."

मी म्हणाले, "आमी लांब आलोय सहलीला, कच्छला. सांगते."

आणि सांगितलं नाही.

का? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता तो प्रश्नच गुळगुळीत झालाय. सांगितलं असतं तर ती लगेच निघाली असती. एकटीला रेल्वेत बसवता आलं नसतं, पाटी वाचता येत नाही तिला. म्हणजे दत्तानं गाडी मागं फिरवली असती. म्हणजे वाळवंट नाही, बर्फ नाही. पुन्हा अशी गाडी निघाली नसती, हे मला माहीत होतं. मी मनाशी म्हटलं — तात्या चिवट आहे, उठेल. आम्ही परत जाऊ तेव्हा भेटेल. असं म्हणायला काय लागतं?

लोक म्हणतील, हिला भाऊ नसेल, म्हणून जळली. नाही. मला दोन भाऊ आहेत, दोघं धडधाकट आहेत. जळण्यासारखं काही नव्हतं. मला बर्फ बघायचा होता. एवढंच होतं.

पुढचे चार दिवस मी फोन बंद ठेवला. हौसानं विचारलं, "घरनं फोन न्हाय आला?" मी म्हणाले, "हितं रेंज न्हाय." जैसलमेरला वाळूत तंबू लावला. उंट बघून हौसा म्हणाली, "ह्याचं तोंड आपल्या सरपंचावाणी हाय गं, मताला आल्यावर करतो तसंच." मी हसले. हसता आलं मला. पण बसवेना. वाळूच्या टेकडीवर चढायची, उतरायची, परत चढायची. दत्ता म्हणाला, "आये, दम खा की जरा. वाळू कुठं पळून चाललीया व्हय?" मी त्याला म्हणाले, तंबू गुंडाळ, निघू. दुसऱ्या दिवशीही तेच — निघू. मला वाटत होतं, गाडी चालती राहिली की ते मागं राहील. राहतं का?

मनालीच्या खाली नदीकाठी मुक्काम पडला. सकाळी दत्ता डिझेल घ्यायला गेला. हौसा दगडावर बसून तवा घासत होती, माझ्यापासून दहा पावलांवर. मी फोन चालू केला. दत्ताला कुठं थांबलाय विचारायचं होतं, दुसरं काही नाही. चालू केला आणि वाजलाच. सुभाष. रडत होता. तात्या पहाटे गेला होता. रोज फोन लावत होता बिचारा, लागत नव्हता; दत्ताचा नंबर त्याच्याकडं नव्हता, आणि बापाला सोडून त्याला कळसला जाता येत नव्हतं. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. म्हणाला, "पेटी आणलीया मावशी. आत्या कवा पोचंल? उद्या म्हणा, परवा म्हणा, आमी थांबतो. भावकी थांबायला तयार हाय."

आता ऐका.

मी म्हणाले, "थांबू नका. उरकून घ्या."

तो रडायचा थांबला. मग म्हणाला, "आत्या म्हणती आसं?"

मी म्हणाले, "व्हय. हितंच बसलीया. म्हणती, थांबू नका."

ती बसली होतीच की. तवा घासत होती. ती थांबा म्हणाली असती. तिला विचारलं असतं तर ती तवा तिथंच टाकून उठली असती. पण ती निघाली असती म्हणजे मला आदल्या चार दिवसांचंही सांगावं लागलं असतं — की तुझा भाऊ तुझं नाव घेत होता आणि मी फोन बंद करून ठेवला होता. ते सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून मी तिच्या तोंडचा शब्द बनवला. कच्छमध्ये हाव होती. इथं भित्रेपणा होता. दोन्ही माझेच.

त्या दुपारी आम्ही बर्फात गेलो. हो, गेलो. दत्तानं दोघींना भाड्याचे कोट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घेतले. हौसानं लुगड्यावरूनच कोट चढवला. दोन पावलं टाकली आणि घसरून बसली, आणि बसल्या बसल्या हसायला लागली. उठवायला गेलेला दत्ताही पडला. दोघं हसतायत. आणि मी उभी राहून मनात मोजत होते — आता आंघोळ घातली असेल. आता उचललं असेल. आता पोचले असतील. बर्फ कसा होता म्हणाल तर रसवंतीवाल्याच्या पेटीत असतो तसाच. थंड, पांढरा. दहा मिनिटांत माझे पाय गार पडले आणि मी गाडीत जाऊन बसले.

खाली उतरल्यावर तिला सांगितलं. म्हणाले, "आत्ता फोन आला. तात्या गेला. उरकलं त्यांनी."

ती म्हणाली, "उरकलं? मला थांबले न्हाईत?"

मी म्हणाले, "न्हाय."

दत्ता चिडला. म्हणाला, सकाळी कळवलं असतं तर चंदीगडवरून विमानानं काकीला नेली असती, काय माणसं आहेत ही! मी त्याला म्हणाले, जाऊ दे. हौसा रडली नाही. कोट काढून घडी घालून ठेवला. नंतर एवढंच म्हणाली — ज्यांनी मला माझ्या भावाचं तोंड दाखवलं न्हाय, त्यांच्या दारात मी दहाव्याला जायची न्हाय. दहाव्याच्या आत आम्ही घरी पोचलो होतो. ती गेली नाही. मी तिला जा म्हणाले नाही. गेली असती तर दोन वाक्यांत सगळं उघडं पडलं असतं.

तिकडं त्यांना वाटलं, ही बहीण कसली, भाऊ मेला तरी सहल सोडली नाही, वर दहाव्यालाही आली नाही. इकडं हिला वाटलं, भाऊ गेला आणि माहेर तुटलं. दोन्हीकडची माणसं खरी, दोन्हीकडचा राग खरा. मधला निरोप तेवढा खोटा.

तुम्हाला वाटत असेल, संपलं. मलाही इथंच संपवायचं होतं. पण आणखी आहे, आणि ते ह्याच वर्षीचं आहे.

भिगवणला गेले होते, चिलापी आणायला. मासळीच्या पाट्यांपाशी सुभाष भेटला. वाळलाय. पाया पडला. म्हणाला, "मावशी, पोरीचं लगीन ठरलंय. तिचं नाव आत्यानंच कानात सांगितलं हुतं, बारशाला. बायको म्हणती, झालं गेलं सोडा, आत्याला बोलवा. मी येऊ का कळसला? ती बोलंल का माझ्याशी?"

दार त्यानं उघडलं होतं. मला फक्त "ये" म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी म्हणाले, "नको येऊ बाबा. चारचौघांत अपमान करंल तुझा. तिचा स्वभावच तसला हाय."

कच्छात फोन आला तेव्हा विचार करायला सवड नव्हती, मनालीत घाबरले होते, असं कुणी म्हणू शकेल. भिगवणला मला कसली घाई होती? भरपूर वेळ होता. मासे साफ करून व्हायचे होते. उन्हात उभी राहून, शुद्धीवर, मी ते बोलले. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला उलट शब्द दिला नाही तिच्याबद्दल बोलले. सुभाषनं मान हलवली. माझी पिशवी एसटीपर्यंत उचलून दिली.

लग्न झालं. चार दिवसांनी हौसाला दळणाच्या गिरणीत कुणीतरी सांगितलं. संध्याकाळी आम्ही बियाण्याच्या शेंगा फोडत बसलो होतो. दोघींच्या मध्ये एकच सूप. तिनं मुठीतले दाणे सुपात टाकले. मग खाली बघूनच म्हणाली,

"अक्का, मी काय केलं गं त्यांचं?"

मी म्हणाले, "तू काय न्हाय केलंस."

आणि शेंगा फोडत राहिले.