भोंग्यावरून दिलेली माफी

आमच्या गावच्या फाट्यावर चहाची टपरी आहे. तिथं रोज सकाळी सरकारच्या तिजोरीचा हिशेब निघतो. बायकांच्या खात्यात पैसे टाकले म्हणून तिजोरी रिकामी झाली असं एक जण म्हणतो, दुसरा पेट्रोलवरच्या कराचं काय होतं ते विचारतो, तिसऱ्याला अर्धवट राहिलेला रस्ता आठवतो. मदत सगळ्यांनाच हवी असते, कर मात्र शेजाऱ्यानं भरावा असं वाटतं. मी कान देत नाही असं दाखवतो आणि रिसोडकडून येणाऱ्या एसटीची वाट पाहतो. मला कुठं जायचं नसतं.

शेवटी कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवतं. "सरकार पाह्यलं त भाऊचं. एक रुपया पट्टी घेतली नाई, अन् साऱ्या गावाले पाणी पाजलं!"

मी दोनदा सरपंच होतो. हे वाक्य इतकी वर्षं ऐकलं आणि त्याच्या जोरावर लोकांनी पाजलेला चहा प्यालो. आता तो घशाखाली उतरत नाही, म्हणून जे घडलं ते लिहून ठेवतो.

माझी पहिली खेप संपत आली होती आणि मार्च महिना होता. मार्चमध्ये घरपट्टी आणि पाणीपट्टीची वसुली निघते. ग्रामसेवक आणि चपराशी दारोदार जातात आणि जो भरत नाही त्याचा नळ बंद होतो. मला पुन्हा उभं राहायचं होतं. मतं मागायच्या तोंडावर कुणाचा नळ बंद करणार? ग्रामपंचायतीच्या छतावर भोंगा होता. पाणी सोडण्याचं आणि भोंग्यावरून गावाला निरोप देण्याचं काम एकाच चपराशाकडे होतं. मी त्याला म्हटलं, "सांग गावाले, यंदाची पट्टी सरपंचानं माफ केली."

तो माईक हातात धरून थांबला. "भाऊ, माफ कराचा अधिकार हाय का तुमाले?"

"तुले भोंग्यात बोलाले सांगतलं. कोर्टात नाई."

तो हसला, मीही हसलो. मग त्यानं घसा साफ केला आणि गावभर माफी सांगितली. त्याचा आवाज चांगला होता.

अधिकार मला नव्हताच. पट्टी कागदावर तशीच चढत राहिली, थकबाकी म्हणून. पण ठराव कोण वाचतो? भोंग्यातून आलं ते सरकारी, अशी आमच्या गावाची समजूत. मी निवडून आलो. पुढच्या मार्चमध्ये भोंगा लावायचीही गरज पडली नाही. कुणी भरायला आलं नाही आणि मी मागायला गेलो नाही.

विहिरीवरच्या मोटरचं बिल मात्र येत राहिलं. एकदा लाइनमन शिडी घेऊनच आला. त्या वेळी ग्रामपंचायतीकडे एकच रक्कम होती, बौद्धपुऱ्यासाठी बाजूला ठेवलेली. आमचा बौद्धपुरा चढावर, पाइपाच्या शेवटच्या टोकाला. खालची आळी पाणी भरून मोकळी होईपर्यंत तिथल्या नळाला धार येत नसे. त्यांना टाकीवरून वेगळी लाइन द्यायची ठरलं होतं आणि पैसे त्यासाठीच होते. त्यातून मी बिल भरलं. ठरावात 'पाणीपुरवठा देखभाल' असं लिहून घेतलं. ग्रामसेवकानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

पाणी सगळ्यांचं, म्हणजे त्यांचंही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण त्यांच्या पैशांवर चाललेल्या मोटरच्या पाण्यानं माझ्या अंगणात म्हशी धुतल्या जात होत्या. हे मला तेव्हाही दिसत होतं. पुढची बिलंही मी तशीच भागवली.

तो चपराशी बौद्धपुऱ्यातलाच. एकदा व्हॉल्व्ह खोलून आला आणि ओले हात पुसत म्हणाला, "भाऊ, आमच्या लाइनचं काय झालं?"

"पुढच्या साली करू."

"पुढचं साल म्हंजे, इलेक्शनच्या अगुदरचं का बादचं?"

या वेळी तो एकटाच हसला. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही. सगळ्या गावाला पाणी सोडून तो घरी जायचा आणि बायकोबरोबर चढावरून उतरून विहिरीचं पाणी न्यायचा. तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. लाइन अजून झालेली नाही.

त्याची सून आता सरपंच आहे. तिनं ग्रामसभेपुढे विषय आणला: पट्टीची वसुली सुरू करायची, जुनी थकबाकी हप्त्यानं घ्यायची आणि आलेल्या पैशातून आधी बौद्धपुऱ्याची लाइन टाकायची. आमच्या खालच्या आळीत गडबड उडाली. माझा पुतण्या घरी आला.

"काका, तुमी फक्त उभं राहून सांगा, पट्टी माफ केलती म्हनून. बाकी आमी पाहून घेतो."

"अन् नाई सांगतलं त?"

"काहून नाई सांगसान? तुमचंच त नाव हाय त्याच्यात."

शाळेच्या पटांगणात सभा भरली. सरपंचबाईनं मला खुर्ची दिली. मी बसलो नाही, कारण बसलो असतो तर उठलो नसतो. माफी खरी नव्हती, तसा अधिकार मला नव्हता, आणि फुकटचं म्हणून आपण जे पाणी प्यालो त्याचं बिल बौद्धपुऱ्याच्या लाइनच्या पैशातून गेलं, एवढंच मी सांगितलं.

मग मागून आवाज आला, "भाऊले ऊन लागलं, कांदा आना रे!" लोक हसले. पुतण्या दात खाऊन म्हणाला, "काका, काय बरळून राह्यले?" मग आमच्या आळीतली माणसं एकेक करून उठली, धोतरं-पायजमे झटकत निघून गेली. सभेला लागतात तेवढी डोकी उरली नाहीत आणि ग्रामसेवकानं सभा तहकूब केली. फाटकाशी पुतण्या टाळ्या देत होता.

तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा डोकी मोजत नाहीत, आलेले लोक त्याच विषयाचा निकाल लावतात. माझ्या कारकिर्दीतले निम्मे ठराव मी असेच रिकाम्या पटांगणात करून घेतले होते. पुतण्याला ते ठाऊक नव्हतं. सरपंचबाईला होतं. पुढच्या सभेला बौद्धपुऱ्यातली माणसं आली, आमच्या आळीतल्या चार बायका आल्या आणि मी. ठराव झाला. मला आनंद झाला नाही. अशा ठरावावर कोण आपण होऊन पैसे भरणार, हे माझ्याइतकं कुणाला कळतं?

तिलाही ते कळत होतं. "बाबाजी, लोकं ठराव वाचत नाईत," ती म्हणाली आणि मला पंचायतीत घेऊन गेली. माईक माझ्यापुढे सरकवला. "आमच्या मामंजीच्या आवाजात माफी ऐकली लोकायनं. आता तुमच्या आवाजात ऐकू द्या, थे माफी नवती म्हनून."

मी बोललो. मध्येच खोकला आला, भोंगा शिटी मारून थांबला आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. बौद्धपुऱ्याचे पैसे मी कुठं घातले, तेही सांगितलं.

घरी जाण्याऐवजी मी चढाकडे वळलो. शेवटच्या नळापाशी चपराशाची म्हातारी बायको बसली होती. सोबत दुसरं कुणी नव्हतं.

"भाऊ, आवाज त पोचला आमच्याकडं," ती म्हणाली. "पानी कवा पोचते, पाहू."

मी तिथंच दगडावर टेकलो. धार करंगळीएवढी होती. नळाखाली ठेवलेली तिची गुंडी अर्धीही भरली नव्हती.