दोरीवरचे अध्यक्ष

लुनेटा पेटिफर्ड बाईंचं सगळं आयुष्य मोज्यांची तोंडं शिवण्यात गेलं. गिलक्रीकच्या गिरणीत मोजा विणून बाहेर पडायचा तेव्हा बोटांकडून उघडा असायचा. तो सुयांच्या चक्रावर फासा-फासा करून चढवायचा आणि शिवून टाकायचा, एवढंच त्यांचं काम. त्यात डोळे गेले, मान गेली, आणि शेवटी गिरणीही गेली. मागे राहिली ती एक सवय. जोडीदार हरवलेला मोजा त्यांना टाकून देववत नसे. घरात अशा एकट्या मोज्यांची पिशवी होती, आणि दर हिवाळ्यात ती थोडी फुगायची.

शाळा अर्धी सोडलेल्या मोठ्या माणसांसाठी चर्चच्या तळघरात दर बुधवारी वर्ग भरायचा. शेवटी एक सरकारी परीक्षा असायची, ती पास झाली की शाळा पुरी केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. गणिताला एक निवृत्त मास्तर होते, व्याकरणाला पाद्रीसाहेबांची बायको. इतिहास आणि राजकारण कुणालाच नको होतं, तेव्हा ते लुनेटाबाईंच्या गळ्यात पडलं. त्यांची पात्रता एवढीच, की गेली कित्येक वर्षं दर निवडणुकीला त्या बंबखान्यात मतदानाच्या टेबलावर बसत आणि मत दिलेल्यांच्या छातीवर ‘मी मत दिलं’ असं छापलेली गोल चिकटपट्टी लावत. ज्याला चिकटपट्टी लावता येते त्याला इतिहास येत असणारच, असं चर्चच्या कमिटीला वाटलं. कमिट्यांना असं बरंच काही वाटत असतं.

त्यांच्याकडे एकच विद्यार्थी टिकला. डेलमार यान्सी, वय एक्केचाळीस, टायरच्या दुकानात कामाला. त्याची आई अर्नेस्टीन गिरणीत लुनेटाबाईंच्या शेजारच्या यंत्रावर बसायची. गिरणी बंद पडून पडीक झाल्यावर डेलमारनं एकदा आत शिरून भिंतीतली तांब्याची तार ओढून काढली आणि भंगारात विकली. ज्या भिंतीआड आईनं मान मोडून काम केलं त्या भिंतीतून थोडी तार घेतली, तर याला वारसाहक्क म्हणता आलं असतं. न्यायाधीशांनी घरफोडी म्हटलं. थोडे महिने आत, आणि पुढची तीन वर्षं बाहेर पण देखरेखीखाली. त्या तीन वर्षांत पाऊल वाकडं पडलं की उरलेली शिक्षा आत बसून पुरी करायची.

अर्नेस्टीन गेली ती तो बाहेर आल्यावर महिन्याभरात. दवाखान्यात तिनं लुनेटाबाईंचा हात धरून सांगितलं होतं, "माझ्या पोराला परत आत जाऊ देऊ नकोस गं." लुनेटाबाई म्हणाल्या होत्या, "नाही जाऊ देत." मरणाऱ्याला आणखी काय सांगणार?

तर डेलमारच्या डोक्यात इतिहास शिरत नव्हता. पुस्तकात अमेरिकेचे सगळे अध्यक्ष एकाच प्रकारचा कोट घालून एकाच प्रकारे हसत, आणि त्याच्या लेखी ती सगळी एकाच घरातली भावंडं होती.

"निक्सननंतर कोण?" लुनेटाबाई विचारायच्या.

"रीगन."

"आणि मधले दोघं काय जेवायला गेले होते?"

"असतील. मिस लुनेटा, खरं सांगू? यातला एकही माणूस कधी गिलक्रीकला आला नाही. मग मी का लक्षात ठेवायचं?"

त्या बुधवारी लुनेटाबाई घरी गेल्या आणि पुढच्या बुधवारी पिशवी घेऊनच आल्या. तळघरात एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि चिमटे लावून एकेक मोजा टांगला.

"हा केनेडी. बघ, रेशमी आहे, वापरायच्या आतच फाटला. हा जॉन्सन. जाड लोकरीचा, टोचतो, पण ऊब देतो. याच्या राज्यात कायदा झाला म्हणून गिरणीनं आम्हा काळ्या बायकांना यंत्रावर बसवलं. त्याआधी आम्हाला तिथे नुसता झाडू मिळायचा."

"आणि हा भोकाचा?"

"निक्सन. बाहेरून नवा दिसतो. पाय घातला की कळतं."

डेलमार पहिल्यांदाच हसला. त्याच्या खालच्या एका दाताची जागा रिकामी होती. "आणि हा आखूड?"

"फोर्ड. जेमतेम घोट्यापर्यंत. निक्सनला राजीनामा द्यावा लागला म्हणून हा बसला. याला अध्यक्ष म्हणून कुणी निवडलं नव्हतं आणि उपाध्यक्ष म्हणूनही नाही. आल्या-आल्या निक्सनला माफ करून टाकलं. मग कार्टर, मग रीगन."

"रीगन मला माहितीये. रीगनच्या मोज्यात माझा बाप आत गेला."

"आणि क्लिंटनच्या मोज्यात माझं यंत्र बोल्ट काढून ट्रकवर चढलं आणि मेक्सिकोला गेलं. तुझी आई ट्रकमागे फाटकापर्यंत चालत गेली होती. मी म्हटलं, अर्नेस्टीन, तिकीट काढलंयस का?"

यानंतर गाडी रुळावर आली. पाहिजे तो मोजा काढला तरी डेलमार सांगू लागला, त्याच्या आधी कोण, नंतर कोण, तेव्हा गावात काय झालं. फक्त फोर्ड दर वेळी राहायचा. निक्सनवरून उडी थेट कार्टरवर.

"फोर्ड!" लुनेटाबाई ओरडायच्या.

"आखूड आहे हो तो. दिसतच नाही."

सप्टेंबरात त्या जॉन्सनच्या मोज्यापाशी बराच वेळ थांबल्या. मतदानाचा कायदा शिकवायचा होता. पुस्तकात त्याला अर्धं पान होतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि वडिलांची गोष्ट सांगितली. वडील दुसऱ्याच्या जमिनीत तंबाखू करायचे. एका वसंतात ते अंगावरचा एकुलता एक चांगला कोट घालून मतदार म्हणून नाव लावायला गेले. गोऱ्या कारकुनानं राज्यघटनेतला एक परिच्छेद वाचून लिहायला लावला, वडिलांनी लिहिला, आणि कारकून म्हणाला, अक्षर लागत नाही. संध्याकाळी जमीनदार दाराशी आला, मोटारीतून उतरलासुद्धा नाही. काच खाली करून विचारलं, तुला कुणी शिकवलं हे?

"शाळेतल्या मास्तरणीनं शिकवलं होतं," लुनेटाबाई म्हणाल्या. "तिनंच कागदावर गिरवून घेतलं होतं. पण वडील म्हणाले, कुणी नाही साहेब, माझे मी गेलो. दोनदा विचारलं, दोनदा तेच. हिवाळ्याच्या आत आम्हाला ती जमीन सोडावी लागली. मास्तरणीची नोकरी मात्र राहिली."

डेलमारनं दोरीला बोट लावलं. मग म्हणाला, "म्हणजे ही दोरी अशी हलते होय."

"अशीच हलते. मोजा कुठला लागणार ते वरून ठरत नाही, चिमटा आपल्या हातात असतो."

"माझ्यापण?"

"का? तुझ्या हाताला काय झालंय?"

"मी आत होतो ना. चालतं का मला मत दिलेलं?"

हे सगळं पुढे ज्यावर येऊन अडकलं तो क्षण हाच, आणि तो किती सहज गेला! लुनेटाबाईंना ठाऊक होतं की आपल्या राज्यात शिक्षा संपली की मताचा हक्क आपोआप परत मिळतो. टेबलावर बसणाऱ्यांना शिकवतात तेव्हा हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं. त्यांचा अर्थ सरळ होता. माणूस तुरुंगातून बाहेर आला म्हणजे शिक्षा संपली. देखरेख हीसुद्धा शिक्षाच, तीही संपावी लागते, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. गिलक्रीकात कुणालाही विचारा, तो हेच सांगेल: बाहेर म्हणजे बाहेर.

"बाहेर आलास ना? मग चालतं," त्या म्हणाल्या.

ऑक्टोबरात, मुख्य दिवसाच्या आधी जेव्हा तिथल्या तिथे नाव लावून मत देता येतं त्या दिवसांत, डेलमार इस्त्रीचा शर्ट घालून बंबखान्यात आला. बाहेर रांग रस्त्याला लागली होती. त्यानं नाव लावायचा कागद घेतला, बोट ठेवून सावकाश वाचत खाली आला आणि एका बारीक छपाईच्या ओळीवर थांबला.

"मिस लुनेटा, हे काय लिहिलंय?"

त्यांनी चष्मा न लावताच बघितलं. "तू तूच आहेस आणि खरं बोलतोयस, एवढंच. सगळेच सही करतात. कर पटकन, मागे लोक खोळंबलेत."

त्यानं सही केली. मत दिलं. लुनेटाबाईंनी त्याच्या छातीवर चिकटपट्टी लावून वर एक चापट मारली. त्या संध्याकाळी तो चिकटपट्टी तशीच ठेवून आईच्या थडग्यावर गेला, असं पाद्रीसाहेबांच्या बायकोनं सांगितलं.

पुढच्या वर्षी, टायरच्या दुकानात तो गाडीखाली पालथा असताना शेरीफचे दोन शिपाई आले. त्याचे बूट हलवून म्हणाले, "यान्सी, बाहेर ये." त्याला वाटलं, भंगाराचं जुनं काहीतरी निघालं. मत दिल्याबद्दल पकडलंय हे कळल्यावर तो हसायला लागला. शिपाई हसले नाहीत, तेव्हा थांबला.

चौकशीत विचारलं, तुला मत द्यायला कुणी सांगितलं? डेलमार म्हणाला, "कुणी नाही साहेब, माझा मी गेलो." दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही तेच.

हे सरकारनं त्याच्या बचावासाठी दिलेल्या वकीलबाईंकडून लुनेटाबाईंना समजलं. त्या स्वयंपाकघरात घेवडा निवडत होत्या. हातातली शेंग हातातच राहिली.

"मी सांगितलं त्याला," त्या म्हणाल्या. "कोर्टात सांगते. त्याला ठाऊकच नव्हतं, मग गुन्हा कसला?"

वकीलबाई वयानं लहान होत्या, पण थकव्यात कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. "मॅडम, या राज्यातला कायदा ठाऊक होतं का ते विचारत नाही. मत दिलं का, एवढंच विचारतो. तुम्ही बोलून त्याला काही मिळणार नाही. उलट तुमच्यावर येईल."

"माझ्यावर येऊ दे. मी त्याच्या आईला शब्द दिलाय."

"त्यानं निरोप दिलाय. म्हणाला, मिस लुनेटांना सांगा, काही बोलू नका."

लुनेटाबाई उघडी तोंडं बंद करण्यात पटाईत होत्या, पण त्यातलं एकही स्वतःचं नव्हतं. सुनावणीच्या दिवशी रविवारची टोपी घालून त्या उभ्या राहिल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मोजे सांगितले, वडील सांगितले, देखरेखसुद्धा संपलीय असं कबूल करून घेणारी बारीक छपाईची ओळ आणि मागची रांग, सगळं. मोज्यांच्या गोष्टीपाशी कुणीतरी मागे हसलं. न्यायाधीश शांतपणे ऐकत होते. माणूस वाईट नव्हता. शेवटी म्हणाले, "बाई, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे."

आदर दाखवून झाल्यावर निकाल दिला. नवा गुन्हा सौम्य केला, पण देखरेखीचा नियम मोडला तो मोडलाच. राहिलेली शिक्षा आत. लुनेटाबाईंवर वयाकडे बघून खटला झाला नाही, फक्त मतदानाचं टेबल काढून घेतलं.

बेड्या घालून नेताना डेलमार त्यांच्यासमोर आला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, बोलू नका म्हणून?"

"बेटा, मला वाटलं..."

"आयुष्यात एक उत्तर बरोबर लिहिलं होतं मी, तुमच्या वडिलांसारखं. तुम्ही खोडलंत."

तळघरातला वर्ग चालू राहिला, गणित आणि व्याकरणाचा. दोरी कुणी काढली नाही. चर्चमधली मंडळी पडद्याला चुकवावं तशी तिच्याखालून वाकून जायची. नवीन अध्यक्ष येऊन वर्ष होत आलं होतं. लुनेटाबाईंनी पिशवीत हात घातला नाही.

भेटीची परवानगी यायला हिवाळा उजाडला. मधे काच होती आणि दोन्ही बाजूंना टेलिफोन. डेलमार बारीक झाला होता. तो यायला तयार होईल अशी त्यांची खात्री नव्हती. तो आला, बसला, पण फोन लगेच उचलला नाही. शेवटी उचलला.

"मक्याचा पाव आणला होता," लुनेटाबाई म्हणाल्या. "दारावर ठेवून घेतला."

"त्यांनीच खाल्ला असेल."

"खाऊ देत. थोडा करपलाच होता."

तो हसला नाही. बोलायचं कशावर? दुकानातली जागा भरली होती. परीक्षेची तारीख निघून गेली होती. आईचं नाव दोघांनीही काढलं नाही. काचेला लागून त्याची बोटं होती, टायरचा काळा रंग अजून नखांतून गेला नव्हता.

मग त्यानं आपण होऊन एक बोट दुमडलं. "केनेडी." दुसरं. "जॉन्सन." तिसरं. "निक्सन." आणि थांबला. जुन्या सवयीनं लुनेटाबाईंच्या ओठांवर शब्द आला. या वेळी त्यांनी तो आत ठेवला.

"फोर्ड," डेलमार म्हणाला. "ज्याला कुणी मत दिलं नव्हतं तो."

"हो."

"आणि ज्यानं माफी दिली."

"तोच."

"कुणाला न विचारता?"

"कुणालाही न विचारता."

डेलमारनं चौथं बोट दुमडलं आणि तसंच धरून ठेवलं. पुढचा कोण, ते त्या दिवशी त्यानं सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. मागून शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं.