पातूरच्या बसमधला झेंडूवाला

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बसू नये अशी इच्छा आहे. अमरावतीला गणित शिकवतो, बडनेऱ्यात आईसोबत राहतो. छंद एकच — बस चालवायच्या गेमसाठी मॉड बनवणं. म्हणजे मूळ गेममध्ये नसलेल्या आपल्या लाल बसेस, आपले रस्ते तयार करायचे आणि ग्रुपवर फुकट वाटायचे. पार इंडोनेशियातली पोरं वऱ्हाडातल्या खड्ड्यांतून बस हाकतात... बरं वाटतं.

दिवाळीच्या आधी मी पातूर ते अकोला रस्ता टाकला. लगेच तक्रारी सुरू. खिडकीशी बसलेला धोतरवाला अकोल्याला सगळे उतरले तरी उतरत नाही म्हणे. मी हसलो, कारण असा प्रवासी मी बनवलाच नव्हता. सगळ्या फाइली उघडून पाहिल्या, कुठेच नाही. बस सुरू केली तर हजर... तिशीतला माणूस, मांडीवर झेंडूची टोपली.

आईने मागून पाहिलं आणि माझी खुर्ची घट्ट धरली. "हा तं माहा दादा हाये."

माझा मामा. पातूरला त्याचा फुलांचा मळा होता. माझ्या जन्माआधी एका भाऊबीजेला तो आईला माहेरी न्यायला म्हणून बसमध्ये बसला, तो बडनेऱ्याला पोचलाच नाही. खूप शोधलं, सापडला नाही. भाऊ नसलेल्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. आईने कधीच ओवाळलं नाही. भाऊ आहे, बसला उशीर झालाय, एवढंच म्हणते. आमच्याकडे त्याचा एकही फोटो नाही, त्यामुळे मीच नकळत तो चेहरा बनवला असेल म्हणावं, तर तेही शक्य नाही.

"सडक इथलोक वाढव बापा," ती म्हणाली. "त्याले उतरू दे."

शुद्ध वेडेपणा होता. पण नाही म्हणवेना. मूर्तिजापूरमार्गे बडनेऱ्यापर्यंत रस्ता केला, आमच्या गल्लीचा नाका केला, आणि स्वतः तपासायच्या आधीच ग्रुपवर टाकून दिला. आम्हा मॉडवाल्यांची ही खोडच — चुका लोकच कळवतात. मग भाऊबीजेच्या सकाळी आईला शेजारी बसवून बस आणली. नाक्यावर दार उघडलं. मामा उठला, दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

मी दार बंद करून पुन्हा उघडलं, तो तसाच उभा. आई मात्र हसत होती. "थो कायले उतरन? मले न्यायले आला."

गेम बंद केला, लिंक काढून टाकली. उपयोग शून्य... तोवर लोकांनी मॅप कुठे कुठे पुन्हा चढवला होता. आठवड्याने एका परक्या पोराने कौतुकाने फोटो पाठवला: परतीच्या बसमध्ये धोतरवाल्याशेजारी हिरव्या लुगड्यातली म्हातारी, फार छान बनवली म्हणाला. चेहरा माझ्या आईचा होता.

तेव्हापासून जो कोणी गेम सुरू करतो, त्याची बस आधीच्याने सोडली तिथूनच पुढे निघते. असं होऊच शकत नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. डॉक्टर म्हणतात आई ठणठणीत आहे.

आजच्या फोटोत बसने अकोला सोडलंय. आई सकाळपासून हिरवं लुगडं नेसून, पिशवी भरून दारात बसली आहे, आणि मी हाक मारली तरी वळून बघत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे तो मॅप असेल तर हात जोडतो... बस पातूरला नेऊ नका.