दाक्तराची मोळी

पाथर्डीकडची माणसं दसरा झाला की गाड्या जुंपून प्रवरेच्या पट्ट्यात ऊस तोडायला जातात, त्यात नवल ते काय! नवल होतं सूर्यभान मुकादमाच्या टोळीचं. या टोळीत सकाळी तोडलेल्या उसाची पहिली मोळी कुणी आपली म्हणत नसे. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा प्रत्येक कोयत्याने पहिली मोळी बांधायची आणि मुकादमाच्या गाडीवर नेऊन टाकायची. मग आपलं काम. देवाच्या नावानं पहिला घास काढतात, तसं. तिला म्हणायचे दाक्तराची मोळी. तिची मजुरी पुण्याला जायची. तिथं मेडिकल कॉलेजात टोळीतल्याच लंकाबाईचा गहिनीनाथ शिकत होता.

हे खूळ टोळीत शिरलं कसं, तेही सांगायला हवं. गहिनीचा बाप कानिफनाथ फडातच तापानं पडला होता. टोळीनं गाडीत घालून त्याला श्रीरामपूरच्या दवाखान्यात नेलं. तिथं यांना ओट्यावर बसवलं. कुठून आलात, कुणाची माणसं, कागद आहे का, हेच विचारणं चाललं. ही माणसं अंगाला पाचट चिकटलेली, बोलायला लागली की जीभ अडखळायची. नंबर लागेतोवर कानिफनाथ त्या ओट्यावरच गार झाला.

सूर्यभान मुकादम अंगठेबहाद्दर, पण डोकं खंबीर. दहाव्याला तो सगळ्यांदेखत बोलला, "आपल्यातला एक दाक्तर झाल्याबिगर आपलं कुनी ऐकायचं न्हाई. हे पोरगं हुशार हाय. याला शिकवायचं." तेव्हापासून गहिनी पाथर्डीच्या बोर्डिंगात राहिला, पुढं नगरच्या कॉलेजात गेला आणि बघता बघता पुण्याला डॉक्टरीला लागला. फी माफ झाली, पण पोट काय माफ होतं? पुस्तकं माफ होतात? म्हणून मोळी.

सगळेच काही हसत तयार झाले नव्हते. आसाराम म्हणून एक तडतड्या गडी होता. नुकतंच लग्न झालेलं. तो म्हणाला, "दुसऱ्याचं पोर दाक्तर व्हनार, आन आमी काय त्याच्या नावानं घुगऱ्या वाटायच्या?" त्यावर त्याची बायको विजयमाला पदर तोंडाशी धरून हसली. "द्या की वो एक मोळी. आज त्यांना, उद्या आपल्यालाच लागंल." नवी नवरी चारचौघात बोलली म्हणून सगळे बघतच राहिले, आणि आसारामचं तोंड बंद झालं ते झालंच.

एकाहत्तरच्या हंगामात, संक्रांत उरकल्यावर, गहिनीनाथ पहिली परीक्षा पास होऊन पेढे घेऊन श्रीरामपूरच्या बाजूला फडावर आला. त्या परीक्षेला मेलेलं माणूस शिकायचं असतं. हाडं, नसा, सगळं पाठ. जितं माणूस त्याच्या पुढच्या वर्षी. पण हे टोळीला कुणी सांगावं? आणि गहिनीनं तरी कुठं सांगितलं? वीस वर्षांचं पोरगं ते. इस्त्रीचा शर्ट, हातात घड्याळ, आणि कोपीपुढं, त्या पाचटाच्या खोपटापुढं, माणसांची रांग. कुणाचा दमा, कुणाचं गुडघं. एकानं तर बैलाचा खांदा सुजला म्हणून बैलच आणून उभा केला! सगळे खो खो हसले, गहिनीही हसला, पण बैलाचा खांदाही त्यानं दाबून बघितला. आई चुलीपुढून टुकूटुकू बघत होती. एवढ्या वर्षांत लंकाबाईच्या तोंडावर असं तेज कुणी पाहिलं नव्हतं. तिच्याकडं बघून पोराची छाती आणखी फुगली. माणसाला मान गोड लागतो हो, त्याला इलाज नाही.

सगळ्यात शेवटी विजयमाला आली. सातवा महिना लागलेला. टोळीतली म्हातारी भागूबाई बाळंतपणं करायची. तिनं विजयमालेला ओझं उचलायला मना केलं होतं. पण मोळ्या वाहिल्या नाहीत तर एकट्या आसारामनं तोडायचं किती आणि वाहायचं किती?

"भावजी," ती म्हणाली, "आज्जी म्हनत्यात मोळी उचलू नको. तुमी शिकलेले. तुमी सांगा, उचलू का नको?"

गहिनीला यातलं काडीचंही माहीत नव्हतं. पोटातलं मूल त्यानं काचेच्या बरणीत पाहिलं होतं, तेवढंच. पण रांगेत सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्यानं पुण्यात ऐकलेल्या सुरात सांगितलं, "काही हरकत नाही, वैनी. हलकी बांधा म्हणजे झालं."

भागूबाई पुटपुटली, "बया, हे कुठलं शिक्षान." पण दाक्तराचा शब्द म्हटल्यावर म्हातारीचं कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी वैऱ्याची थंडी होती. दवानं पाटाचा बांध निसरडा झालेला. विजयमालेनं पहिली मोळी बांधली, हलकीच बांधली, डोक्यावर घेतली आणि पाट ओलांडून मुकादमाच्या गाडीकडं निघाली. बांधावर तिचा पाय सटकला. ती पालथी पडली, आणि मोळी तिच्या पाठीवर.

गहिनी कोपीपुढं चहा पीत होता. आरडाओरडा ऐकून पळाला. चौघींनी तिला उचलून कोपीत आणलं, तोवर लुगडं रक्तानं भरलं होतं. तिच्या तोंडाचा रंग उडालेला. भागूबाईनं बघितलं आणि मान हलवली. "माझ्या हातचं न्हाई हे," एवढंच बोलून ती बाजूला सरली आणि गहिनीला जागा करून दिली.

सगळी टोळी दारात. कोयते तसेच हातात. सूर्यभान म्हणाला, "बोल बाबा. काय पायजे? पानी तापवू? तू म्हनशील ते करतो."

गहिनीनं तिचा हात धरला. नाडी कुठं असते ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. आता ती बोटाला लागेना. दुसरं मनगट धरून पाहिलं, तिथंही लागेना. 

"तात्या, गाडी रिकामी करा," तो मुकादमाला म्हणाला. "यांना श्रीरामपूरला दवाखान्यात न्यायचं."

कुणी हललं नाही. गाडीवर कालपासून रचलेला उसाचा डोंगर होता, पण अडलं होतं ते उसापायी नव्हे. दवाखाना म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं तो ओटा आला. आसाराम बायकोच्या उशाशी बसला होता, तो कडाडला, "दवाखान्यात? तुझ्या बापाला नेला हुता की दवाखान्यात! तिथं न्यायचं आसतं तर तुला कशापायी शिकविला? तू हायेस ना? मंग बघ की! कर की काय करायचं ते!"

इथं खरी वेळ आली होती. 'बघतो' म्हणाला असता तर पोराची अब्रू राहिली असती. बाई गेली असती, आणि लोक म्हणाले असते, देवाची मर्जी, आपल्या दाक्तरानं लई खटपट केली. कुणी एका शब्दानं बोललं नसतं. गहिनीला हे सगळं त्या क्षणाला लख्ख दिसत होतं. दारात आई उभी होती, तीही दिसत होती.

"दादा, मी दाक्तर न्हाई," तो म्हणाला. पुण्याचा सूर कुठल्या कुठं गेला. "आजून न्हाई. मला यातलं काय बी येत न्हाई. काल बी येत न्हवतं. वैनींनी इचारलं तवा मी आपला अंदाजानं बोललो. लोकं बघत हुती म्हनून बोललो. पाया पडतो तुमच्या, पर गाडी जुंपा. आता येळ न्हाई."

आसाराम त्याच्याकडं असा बघत होता, की त्याच्या हातात कोयता नव्हता हे बरंच म्हणायचं. सूर्यभानची मान खाली. एवढ्या मोळ्या वाहिल्या, आणि पोरगं म्हणतं मला येत नाही!

हलली ती लंकाबाई. ती गाडीवर चढली आणि वरची मोळी तिनं खाली फेकली. मग दुसरी. मग तिसरी. तिच्या डोळ्याला धार लागली होती, पण हात थांबले नाहीत. तिचं बघून बाकीचे चढले. घडीभरात ऊस रस्त्यावर पडला आणि गाडीत उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, वाढ्यांवर, वाकळ अंथरली.

दवाखान्याशी टोळीची माणसं सवयीनं ओट्यावर बसायला निघाली. गहिनी बसला नाही. तो थेट आत घुसला. कंपाउंडर आडवा आला, त्याला बाजूला सारलं, आणि आतल्या डॉक्टरांना दोन वाक्यं इंग्रजीत सांगितली. मोडकीतोडकीच, पण सांगितली. डॉक्टर ताडकन उठले. विजयमालेला आत घेतली तेव्हा सूर्यभान ओट्यावरच्या त्याच जागेकडं बघत उभा होता, आणि हा एवढा जरबेचा मुकादम हुंदके देऊन रडायला लागला.

बाई वाचली. थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. मूल गेलं. मुलगी होती. आसारामनं तिला ओढ्याच्या काठी पुरली, वर काट्याची फांदी ठेवली, आणि तो फडावर परत आला.

विजयमालेला कोपीवर आणल्यावर गहिनीनं सगळ्यांना बोलावलं. इस्त्रीचा शर्ट त्यानं काढून ठेवला होता. "तात्या, उद्यापासून मोळी बंद करा. मी पुण्याला जात न्हाई. आईचा अर्धा कोयता हाय, तो मी पुरा करतो. तुमचं फेडायला जल्म गेला तरी चालंल."

आसाराम जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढत होता. लोक मनातून काय म्हणत असतील ते देव जाणे. तेवढ्यात कोपीतून विजयमालेचा आवाज आला. आवाज कसला, श्वासच तो.

"भावजी, हिकडं या."

गहिनी कोपीच्या तोंडाशी जाऊन बसला. आत जायला त्याचा धीर होईना.

"तुमाला तवा म्हाइत न्हवतं," ती म्हणाली. "न्हवतं ना?"

"न्हाई, वैनी."

"मंग आता म्हाइत करून घ्या." तिच्या छातीला दूध आलेलं, भागूबाईनं फडक्यानं घट्ट बांधलं होतं. "सगळं नीट म्हाइत करून घ्या. आर्ध्यात सोडून तुमी कोयता धरला, तर मपलं लेकरू फुकट गेलं. मला ते सोसायचं न्हाई."

गहिनी ढसाढसा रडला. त्याला कुणी गप्प केलं नाही. रडू दिला, तेच बरं केलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना फडात सगळ्यांचे डोळे आसारामवर होते. तो एकटाच तोडत होता. त्यानं पहिली मोळी बांधली, उचलली, पाट ओलांडला आणि मुकादमाच्या गाडीवर टाकली. गहिनीकडं त्यानं बघितलंही नाही. मग बाकीच्यांनी आपापल्या टाकल्या.

एसटीत बसवताना लंकाबाईनं पोराच्या हातात भाकरीचं गठुडं दिलं. "येत नसंल तर येत न्हाई म्हनायचं," ती म्हणाली. "लाज गेली तर जाऊ दे. आपल्याला काय लाजेचं दुकान थाटायचंय?"

पुढं टोळीत त्या मोळीला एकच कायदा नवा झाला. पोटुशी बाई असेल तर तिच्या कोयत्याची मोळी सूर्यभान स्वतः वाहायचा. म्हातारा झाला तरी वाहायचा.

आणि गहिनीनाथची बाळंतपणाच्या वॉर्डात नेमणूक झाली, तेव्हाची गोष्ट. पहिलीच बाई तपासायला दिली. पुस्तकात विचारायचे प्रश्न ओळीनं दिलेले होते. कितवी खेप, कितवा महिना, पाय सुजतात का. ते सगळे त्यानं विचारले. मग कागद बाजूला ठेवून आणखी एक विचारला, जो पुस्तकात नव्हता. पुढं सगळ्या जन्मात तो प्रश्न त्यानं एका बाईला चुकवला नाही.

"बाई, डोक्यावर ओझं किती असतं?"