वरातीची अर्धी धून

चांगुणा, सप्रेम जयभीम.

तुझ्याबद्दल लिहायला बसले आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर कुणीतरी तुला वाचून दाखवेल आणि तू तोंडाला पदर लावून म्हणशील, बाईंना दुसरं काम न्हाई का? आहे काम. हेच आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मोठमोठ्या माणसांच्या गौरवांकांत लिहून लिहून माझा हात दुखून आला. त्या माणसांनी नेमकं काय केलं ते त्यांनाही धड सांगता येत नाही. तू काय केलंस ते मला स्वच्छ सांगता येतं, तर ते का लिहू नये?

लोकांसाठी लिहायचं म्हणून तुला 'ती' म्हणावं लागेल. आणि यात जी भिंगारदिवे बाई येते ती मीच. तिलाही 'ती'च म्हणेन. एकदा 'मी' लिहायला लागलं की माणूस हळूच स्वतःचं पुराण लावतो, आणि मला तेवढा वेळ नाही. कुठे चुकलं असेल तर भाकरी थापता थापता दुरुस्त कर.

तर, चांगुणाबाई मूळची मिरजगावची. चौथीपर्यंत शाळा झाली, मग शेत, मग लग्न, आणि ती शेवगावला उत्तमराव साळव्यांच्या घरी आली. उत्तमराव जिनिंग मिलमध्ये कामाला होते आणि लग्नसराईत क्लॅरिनेट वाजवायचे. बँड त्यांचाच. त्यांच्या वडिलांनी धर्मांतरानंतर गावकीचं वाजवणं सोडलं होतं. वाद्य खुंटीला टांगून नव्हे, ओढ्यात भिरकावून. मुलानं पुन्हा वाद्य हातात घेतलं ते एका अटीवर. सुपारी देऊन, मानानं बोलावलं तर कुणाच्याही लग्नात वाजवू. तुमचं कामच आहे म्हणून हाक मारली तर नाही. त्यामुळे काही घरांनी त्यांना बोलावणं सोडलं. उत्तमरावांनी मात्र त्या घरांवरून जाणं सोडलं नाही. ड्रेस घालून, क्लॅरिनेट काखेत धरून मुद्दाम तिथूनच जायचे.

रविवारी सकाळी रेडिओवर 'आजचा धागा' लागायचा. नामवंत क्लॅरिनेटवादक पंडित विनायकराव केळशीकर तो सादर करत. दर आठवड्याला एक विषय: कधी 'नदी', कधी 'रुसवा', कधी 'परतीची वाट'. त्या एका धाग्यात ते जुन्या रेकॉर्डी, लोकगीतं, स्वतःच्या धुना ओवत जायचे. उत्तमरावांच्या लेखी केळशीकर म्हणजे शेवटचा शब्द. पण जिनिंगची सुट्टी बाजाराच्या दिवशी, रविवारी सकाळी ते कामावर. टेप का करून ठेवलं नाही, असं विचारू नका. टेपरेकॉर्डर ढोल वाजवणाऱ्या महेंद्रच्या मेव्हण्याकडे, आणि मेव्हणा सुप्याच्या कारखान्यात.

म्हणून घरात एक रीत पडली होती. रविवारी चांगुणाबाई ऐकायची. भाकऱ्या थापताना ट्रान्झिस्टर चुलीपासून हातभर लांब, मुलांना तोंड उघडायची बंदी. दिवसभर ती चाल तोंडात घोळवत धुणं, पाणी, वेचणी. आणि संध्याकाळी उत्तमराव आले की चहाबरोबर ती चाल गुणगुणून त्यांच्या हवाली करायची. ते क्लॅरिनेटवर बसवायचे, बँडला शिकवायचे. तालुक्यातल्या लग्नांत जे काही वाजत होतं ते असं चांगुणाबाईच्या तोंडातून गेलेलं होतं. हे बँडलाही माहीत नव्हतं. महेंद्र समजायचा, बँडमास्तर स्वप्नात शिकतात.

आता केळशीकरांची एक खोड. माणूस वाजवायला थोर, पण बोलायला त्याहून हौशी. रेकॉर्ड संपेपर्यंत त्यांना दम निघायचा नाही. शेवटचं कडवं लागलं की रेकॉर्डचा आवाज खाली आणि "तर मंडळी" सुरू. पुढचं त्यांच्या बोलण्याखाली कुठेतरी बुडून जायचं. इतर गाण्यांचं काही वाटायचं नाही. ती कुठे ना कुठे पुन्हा कानावर पडायची, शेवट मिळायचा. पण एका रविवारी त्यांनी स्वतःची एक धून लावली, तरुणपणी कुणाच्या तरी वरातीवरून सुचलेली. चांगुणाबाईचा हात पिठातच थांबला. आणि ऐन शेवटाला, धून एका उंच सुरावर जाऊन उभी राहिली, तिथेच, "तर मंडळी."

"ह्या बाबाला घरचं कुनी गप बस म्हनत न्हाई का?" असं ती ट्रान्झिस्टरला म्हणाली.

संध्याकाळी तिनं धून त्या उंच सुरापर्यंत आणून सोडली. उत्तमराव दोनदा वाजवून खूश झाले आणि त्यांनी विचारलं, पुढं? तव्यावर भाकरी होती, धाकटी दीपा तापानं किरकिरत होती. चांगुणाबाई म्हणाली, "एवढीच हाय."

एवढाच तिचा गुन्हा. त्या वेळी तो गुन्हा वाटलाही नाही.

बँडनं धून तशीच उचलली. वरात नवरीच्या दारासमोर आली की क्लॅरिनेट त्या उंच सुरावर जायचं आणि थांबायचं. एकदम शांत. लोकांना वाटलं, हे मुद्दामच. मग त्या शांततेत काय करायचं याची पद्धत पडली. घोडा दोन पावलं पुढे घ्यायचा, नवऱ्याच्या मामानं फेटा सावरायचा, पोरांनी श्वास रोखायचा, आणि मग महेंद्रनं ढोलावर एकच दणका द्यायचा. शेवगावपासून पार पाथर्डीच्या वाटेवरच्या वस्त्यांपर्यंत लोक सुपारी देताना बजावायचे, ती थांबायची धून पाहिजेच. बोलावणं सोडलेल्या घरांपैकी एक घरही आलं. मुलाच्या बापानं बाहेर चप्पल काढून, ओट्यावर बसून, मास्तर तारीख द्या, म्हणून विचारलं. त्या दिवशी उत्तमराव फार कमी बोलले आणि दोनदा जेवले.

अशी काही वर्षं गेली. घोळ केला तो भिंगारदिवे बाईनं. ती कार्यक्रमाला दर महिन्याला पत्र टाकायची, बहुतेक वेळा तुम्ही फार बोलता असं सांगायला. एकदा तिनं विषय सुचवला, 'वरात'; आणि लिहिलं की आमच्या गावचा बँड तुमचीच धून वाजवतो, येऊन ऐका. कधी नव्हे ते उत्तर आलं. केळशीकर नगरला कार्यक्रमासाठी येणार होते, तिथून शेवगावला येऊन बँडचं ध्वनिमुद्रण करणार होते.

बाई पत्र नाचवतच साळव्यांच्या घरी गेली. उत्तमराव खाली बसले. कुणी मंत्री येणार म्हटल्यावरही ते असे बसले नसते. चांगुणाबाई मात्र उठून उगाच पाणी आणायला गेली, घागर भरलेली असताना.

बाई निघाली तेव्हा चांगुणाबाई तिच्यामागे वेशीपर्यंत आली. सगळं सांगितलं. धून पुढं हाय, त्या बाबाच्या बोलन्याखाली दबली हाय, मला कळलं हुतं, मी एवढीच म्हनले. आता ज्यानं केली त्याच्यापुढंच अर्धी वाजवनार, आणि मान खाली जाईल ती त्यांची.

"तुमी डोळे दाखवायला पुन्याला चाललाय नव्हं?" ती म्हणाली. "तिथं कुनाकडं तरी रेकॉर्ड आसंल. तेवढा शेवट ऐकून या. मला गुनगुनून दावा, बास."

बाईचा आवाज फाटका, गुणगुणणं म्हणजे दार कुरकुरल्यासारखं. पण ती हो म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी तार आली की केळशीकर आठवडाभर आधी येणार आहेत. पुण्याची खेप त्यानंतरची होती.

आता नवऱ्याला सांगण्यावाचून इलाज नव्हता. उत्तमराव सकाळी अंगणात क्लॅरिनेट पुसत होते, त्याच्या तोंडाला लावायची नवी पत्ती ओठात भिजवत होते. चांगुणाबाईनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. उत्तमरावांनी पत्ती तोंडातून काढली.

"म्हंजे इतकी वर्सं मी अर्धीच वरात नेली?"

ते डबा न घेता कामावर गेले. डबा घेऊन ती मिलच्या फाटकापर्यंत गेली, तर पहारेकरी म्हणाला, मास्तर आज कुणाशी बोलत न्हाईत, वैनी. ती डबा तिथंच ठेवून परत आली. दिवसभर तिच्या डोक्यात दोनच गोष्टी. कार्यक्रम नको म्हणून कळवावं का, ही एक. आणि तो उंच सूर, ही दुसरी. आजवर ती त्याच्यापुढे कधी गेलीच नव्हती. आता जाऊन पाहिलं. वरात दारात पोचली, घोडा थांबला, दणका झाला. पुढं? पुढं सगळे जेवायला पळतात. नवरी एकटी उरते, नव्या घराच्या उंबऱ्यात, पायाला माती, कुणाकडे बघायचं ते माहीत नाही. आणि मग ती एक पाऊल टाकते.

तिची आई मिरजगावच्या रानात कापूस वेचताना एक हेल काढायची. शब्द नाहीत, नुसता हेल. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पुरेल एवढा. तो त्या उंच सुराखाली हळूच येऊन बसला.

संध्याकाळी उत्तमराव आले. रिकामा डबा धुवायला ठेवला, म्हणजे जेवले होते. क्लॅरिनेट मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "ऐकलेलं तू सांगितलंस. आता न ऐकलेलं पन तूच सांग. मला दुसरं कोन सांगनार?"

तिनं सांगितलं. त्यांनी वाजवलं. एकदा ती म्हणाली, एवढं जोरात न्हाई, ती नवरी हाय, फौजदार न्हाई. पुढे बँडला शिकवताना ही सूचना मास्तरांनी स्वतःची म्हणून दिली.

ध्वनिमुद्रण शाळेच्या मोठ्या वर्गात झालं. केळशीकर ठेंगणे, अंगावर शाल, बोलणं अखंड. चहा पिताना त्यांनी वरातीवर बोलून घेतलं, मग चहावर बोलून घेतलं. बायका खिडकीबाहेर उभ्या होत्या. चांगुणाबाई सगळ्यांत मागे, गजातून फक्त उत्तमरावांची पाठ दिसत होती. धून सुरू झाली. उंच सुरावर गेली आणि सवयीप्रमाणे थांबली. केळशीकरांनीही सवयीप्रमाणे तोंड उघडलं. त्याच वेळी क्लॅरिनेट पुन्हा आलं, दबक्या पावलानं, ढोलाशिवाय. केळशीकरांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग मिटलं.

धून संपली तरी ते लगेच बोलले नाहीत. एवढ्यानंच बाईला घाम फुटला. मग त्यांनी विचारलं, की मी असा शेवट केलेला नाही, हा आला कुठून?

उत्तमराव म्हणाले, "घरनं आलाय."

"घरी कोण?"

उत्तमरावांनी क्लॅरिनेट खिडकीकडे केलं. बायका बाजूला सरल्या, इतक्या पटकन की चांगुणाबाईला लपायला कुणाची पाठच उरली नाही. केळशीकर उठून खिडकीपाशी आले, नाव विचारलं. तिनं पदर नीट केला आणि शाळेत हजेरीला द्यावं तसं मोठ्यानं सांगितलं, "चांगुणा उत्तम साळवे. मिरजगाव."

सासरचं गाव शेवगाव असताना मिरजगाव का म्हणालीस, असं नंतर बाईनं विचारलं. तर म्हणाली, शेवट तिकडचा हाय नव्हं.

तो भाग लागला त्या रविवारी उत्तमरावांनी सुट्टी घेतली. अंगणात वस्तीतली माणसं मावेनात. केळशीकर वरातीवर पुष्कळ बोलले, घोड्यांवर बोलले, फेट्यांवर बोलले. मग म्हणाले, पुढची धून माझी आहे, पण पुरी केली आहे शेवगावच्या, मूळच्या मिरजगावच्या चांगुणाबाई साळवे यांनी. दीपा आईकडे बघायला लागली, जणू ती आताच बाहेरगावाहून आली आहे. धून उंच गेली, थांबली. महेंद्रचा हात आपसूक मांडीवर पडला. मग तो हेल आला, ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, आणि कुणीही त्याच्यावर बोललं नाही. शेवटचा सूर विरला, नंतरची खरखरसुद्धा ऐकू आली. मगच, "तर मंडळी", आणि अख्खं अंगण हसलं.

त्यानंतर बँडची रीत बदलली. फार काही नाही. रविवारी चांगुणाबाईच ऐकते. पण आता नवी चाल बसवायच्या दिवशी ती अंगणात खुर्चीवर बसते, आणि महेंद्रसकट सगळे तिच्याकडे बघून वाजवतात. वरातीत मामा अजून फेटा सावरतो. पण दणका झाला की कुणी जेवायला पळत नाही. नवरी उंबरा ओलांडेपर्यंत उभे राहतात. दीपा क्लॅरिनेट शिकते आहे. मुलीनं बँडमध्ये वाजवायचं का, यावर वस्तीत दोन मतं आहेत. चांगुणाबाईचं एकच आहे.

आता पुन्हा तुझ्याशी, चांगुणा. पुण्याला मी नंतर गेले. डोळे दाखवले. रेकॉर्डचं दुकान दवाखान्यासमोरच होतं, आत गेले नाही. आणि त्याआधी, ध्वनिमुद्रणाच्या दिवशी, तर खुद्द तो माणूस माझ्या घरात कपबशी हातात धरून बसला होता. त्याला विचारायला किती वेळ लागला असता? मी तोंड उघडलंही होतं. तू दारातून माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवलीस, एवढीशी. मी साखर हवी का म्हणून विचारलं.

त्यांचा शेवट काय होता, ते अजून आपल्याला माहीत नाही. पुढच्या महिन्यात मी पुन्हा पुण्याला जाणार आहे. आणायचा असेल तर सांग. पण तू सांगणार नाहीस.