मागच्या सीटची मालकीण

ज्याने राजेपण बाजूला ठेवून घोड्यांचे लगाम हाती घेतले, त्या सारथ्याच्या चरणी आधी मस्तक ठेवू. देवा, रथ तू हाकलास खरा. पण तो कुठे उभा करायचा हे मागे बसलेल्याने सांगितले, आणि तू, त्रैलोक्याचा स्वामी, मुकाट्याने तिथे नेलास. म्हणून मागे बसणाऱ्याचा अधिकार तुझ्याइतका कोणी जाणत नाही. तोच अधिकार उभा जन्म गाजवलेल्या एका माउलीची ही कथा आहे. तिचे नाव शकुन पारसनीस, राहणार पाईकपाडा, कोलकाता.

शकुनताईंचे यजमान श्यामराव सरकारी बँकेत अधिकारी होते. नागपूरहून बदली होऊन इथे आले, इथेच निवृत्त झाले, आणि मुलगी चैत्राली सॉल्ट लेकमधल्या एका कंपनीत लागली म्हणून इथेच राहिले. गृहस्थ सज्जन, निर्व्यसनी, देवभोळे. एकच उणीव. घरात त्यांच्या मुखी एकच अक्षर वसत असे: हं. भूक लागली तरी हं, पोट भरले तरी हं. मुलगी पास झाली, हं. छत गळते आहे, हं. त्या एका अक्षराचे अर्थ लावता लावता शकुनताई पंडिता झाल्या होत्या.

पण सज्जनहो, भगवंत एक दार लावतो तेव्हा दुसऱ्याची कडी सैल ठेवतो. हेच श्यामराव मोटरसायकलवर बसले, मागे शकुनताई साडी सावरून एका अंगाने बसल्या आणि गाडी गल्लीबाहेर पडली, की त्यांना वाचा फुटत असे. समोर तोंड नसले की काही माणसांना तोंड फुटते, त्यातले ते एक. मग वाटेल ते बोलत. आई गेली तेव्हा रडू का आले नाही, हे त्यांनी चितपूरच्या पुलावर सांगितले. बढती का नाकारली, हे बराकपूरच्या वाटेवर. "तुझं पिठलं मला आवडत नाही," हे लग्नानंतर एक तप उलटल्यावर सांगितले, तेही दक्षिणेश्वरच्या वळणावर, जिथे शकुनताईंना उतरून भांडताही येईना. हेल्मेटला हेल्मेट टेकवून त्या ऐकत. दर रविवारी सकाळी गंगेच्या काठाने बराकपूरपर्यंत जायचे आणि यायचे. आठवड्याचा संसार त्या दोन तासांत बोलून होत असे.

शकुनताई नुसत्या श्रोत्या नव्हत्या. त्यांचा उजवा हात यजमानांच्या खांद्यावर असे आणि तिथून राज्यकारभार चाले. एक बोट खुपसले की पुढे खड्डा. दोन बोटे खुपसली की रिक्षा आडवी येते आहे. आणि कडकडून चिमटा काढला की ट्रामचे रूळ. श्यामरावांना वाटे, गाडी आपण चालवतो. बहुतेक यजमानांना असेच वाटत असते, आणि घराच्या शांततेसाठी ते तसेच वाटू द्यावे.

यंदाच्या श्रावणात मात्र आक्रीत झाले. बागबाजारातल्या घड्याळवाल्याकडे जायचे होते, आणि तो दुपारी दुकान बंद करून झोपतो. श्यामराव हेल्मेट घालून दारात उभे. शकुनताई आतून म्हणाल्या, "तिसरी शिट्टी होऊ द्या, आलेच." श्यामराव "हं" म्हणाले आणि एकटेच निघून गेले. इतक्या वर्षांत प्रथमच.

रिमझिम चालू होती. बागबाजारच्या रस्त्यावर ट्राम आता धावत नाही, पण रूळ आहेत, आणि ओला रूळ म्हणजे तूप चोपडलेली परात. पुढचे चाक घसरले. श्यामराव एका बाजूला, गाडी दुसऱ्या बाजूला, आणि मागून येणाऱ्या टेम्पोचे चाक गाडीच्या मागच्या अंगावरून गेले. श्यामरावांचे गळपट्टीचे हाड मोडले, बाकी जीव सुखरूप. विमा कंपनीच्या माणसाने येऊन गाडी पाहिली आणि ती भंगारात काढली. देव शंखात असतो, घंटेत असतो. त्या दिवशी तो कुकरच्या शिट्टीत होता, एवढेच शकुनताई म्हणाल्या आणि देवापुढे साखर ठेवली.

हाड सांधत आले तशी नव्या गाडीची बोलणी सुरू झाली. चैत्राली म्हणाली, "बाबा, आता गाडी कशाला? ॲपवर बोलावा ना, दोन मिनिटांत कार येते." तिचा जन्म इथला, मराठी बोलताना तिच्या वाक्यात कर्त्याचे आणि क्रियापदाचे क्वचितच पटे.

"हं," श्यामराव म्हणाले. हा नकाराचा हं होता. गाडी घ्यायचीच होती.

मग रविवारी तिघे बी. टी. रोडवरच्या दुकानांत निघाले. पहिल्या दुकानात श्यामरावांनी बोट दाखवले ती गाडी नाकतोड्यासारखी होती. पुढे वाकलेली, आणि मागची सीट शेपटासारखी वर उचललेली, तळहाताएवढी. शकुनताईंनी पदर खोचला, दुकानदाराला गाडी धरायला लावली आणि चढून पाहिले. त्यांचे डोके श्यामरावांच्या डोक्यापेक्षा हातभर वर गेले.

"आई, तू दुर्गेसारखी दिसतो," चैत्राली म्हणाली.

"सिंह बरा," शकुनताई म्हणाल्या. "त्याची पाठ तरी रुंद असते. अहो, यावर बसून बराकपूरला गेले तर मला पलीकडच्या काठावरची श्रीरामपूरची देवळं दिसतील, पण तुमचा शब्द ऐकू यायचा नाही."

"हं."

दुसऱ्या दुकानात श्यामराव थेट एका जुन्या धाटणीच्या देखण्या गाडीपाशी गेले. काळी, गोल दिव्याची, चकचकीत. तिला मागे सीटच नव्हती. नुसता पत्रा.

शकुनताईंनी पत्र्यावर टिचकी मारली. "इथे काय ठेवायचं? दुधाची बरणी?"

"हलकी आहे," श्यामराव म्हणाले. "ॲव्हरेज चांगलं आहे."

एका वेळी दोन वाक्ये. आणि तीही जमिनीवर उभे राहून. शकुनताई चमकल्या. जो माणूस कोथिंबिरीची जुडी घेताना काडी काडी उलटून पाहतो, तो लाखाची गाडी पाव मिनिटात पसंत करतो? ज्या गाडीवर आपल्याला जागाच नाही, नेमक्या त्याच गाडीपाशी याचे पाय का जातात? घरी आल्यावर त्यांनी विचारले, "माझा कंटाळा आला का हो?" श्यामरावांनी वर्तमानपत्राआडून हं म्हटले. पंडितेला आयुष्यात प्रथमच त्या अक्षराचा अर्थ लागेना.

बाई त्या रात्री हसल्या नाहीत. गाडी म्हणजे काय, लोखंड. ते कसलेही येवो. पण मागची सीट गेली तर नवऱ्याचे बोलणे गेले, आणि उरलेला जन्म एका अक्षराशी संसार. हे दुःख सांगायचे कुणाला? लेकीला सांगावे तर ती म्हणेल, घरी बोला ना. घरी बोलता आले असते तर ही वेळ कशाला आली असती?

पण माउली ती माउलीच. सकाळी देवाला फुले वाहता वाहता तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटले. कुलूप कुठल्या किल्लीने उघडते हे जिला ठाऊक, तिने किल्ली हरवली म्हणून रडत का बसावे?

तिसऱ्या दुकानात त्या यजमानांना एकट्याच घेऊन गेल्या. तिथे गाड्या दाखवायला झुमा नावाची चाळिशीची बाई होती. सलवार-कमीज, पायात बूट, आवाज खणखणीत. तिची हिंदी आणि शकुनताईंची बंगाली मध्यावर कुठेतरी भेटत होती. आत पाऊल टाकताच तिने रिवाजाप्रमाणे श्यामरावांना "काकू" म्हटले. बंगालीत काकाला काकू आणि काकूला काकिमा म्हणतात, हे इतकी वर्षे राहूनही श्यामरावांच्या पचनी पडले नव्हते.

शकुनताईंनी एक साधी गाडी निवडली. लांब, सपाट सीट, मागे धरायला दांडा, चाकाच्या बाजूला साडी अडकू नये म्हणून जाळी. "ही चालवून पाहायची आहे," त्या म्हणाल्या. "पण यांचं हाड नुकतंच सांधलंय. डॉक्टरांनी अजून हँडल धरू नका म्हटलंय. तर तुम्ही चालवा. हे मागे बसतील."

"मी मागे?" श्यामराव म्हणाले.

"मग काय मी बसू? मला काय कळतं गाडीतलं?"

परक्या बाईसमोर वाद नको म्हणून श्यामराव बसले. झुमाला स्पर्श होऊ नये म्हणून दोन्ही हात मागे नेऊन दांडा धरला. चोराला पकडून चौकीवर नेतात तसे ध्यान दिसत होते. झुमाने गाडी काढली. "चिडिया मोडपर्यंत जाऊन येते, काकिमा." शकुनताईंनी शेजारच्या टपरीवरून मातीच्या भांड्यातला चहा मागवला आणि निवांत बसल्या.

एक चहा झाला. दुसरा झाला. चिडिया मोड काही काशी नव्हे. गाडी आली तेव्हा तिसरा चहा निवला होता. श्यामराव उतरले. चेहरा वाऱ्याने लाल, डोळे खाली. झुमा हेल्मेट काढत आत आली आणि खुर्चीत बसली.

"काकिमा, काकू फार बोलतात हो," ती म्हणाली. "मी वळायला गेले तर म्हणाले, जरा पुढे घ्या, विषय अर्धा राहिलाय. पार पुढच्या डनलपच्या चौकापर्यंत जाऊन आलो."

"काय बोलले?" शकुनताईंनी अगदी सहज विचारले.

"आधी माझ्या सासूची चौकशी केली. मग कुठल्याशा बेसनाच्या पदार्थाबद्दल बोलले."

"मग?"

"झुमादेवी," श्यामराव म्हणाले, "गाडीचं सांगा."

"गाडीचंच सांगते. मी विचारलं, काकू, सीट आरामाची आहे ना? तर म्हणाले, सीटच नको आहे. त्या दिवशी रस्त्यावर पडल्या पडल्या त्यांनी मागे पाहिलं, तर मागची सीट चेपून पापड झालेली. आणि तुम्ही सोबत नव्हता हे ते विसरूनच गेले. तुमच्या नावानं हाका मारत सुटले. लोक सांगत होते, दादा, गाडीवर दुसरं कुणी नव्हतं. तरी ते टेम्पोखाली वाकून बघत होते, मोडकं हाड घेऊन." झुमाने हेल्मेट मांडीवर ठेवले. "आता म्हणतात, सीटच नसली तर बसणार कोण."

दुकानात पंखा फिरत होता. शकुनताईंनी चहाचे भांडे खाली ठेवले, पदराने डोळ्यांची कड टिपली, आणि मग यजमानांकडे वळल्या.

"टेम्पोखाली काय शोधत होतात? मी घरी वरण घोटत होते."

"तेव्हा सुचलं नाही."

"आणि पडलात का, ते ठाऊक आहे?"

"रूळ ओला होता."

"रूळ काय त्याच दिवशी ओला होता? एवढ्या पावसाळ्यांत कधी पडलात? खांद्याला चिमटा बसला नाही म्हणून पडलात. मला वाचवायला सीट काढताय, आणि त्यानं तुम्ही पुन्हा आपटणार. मग मी सुखानं घरी बसून काय करू? तुमच्या नावानं हं म्हणू?"

श्यामराव चालत त्या गाडीपाशी गेले. मागच्या सीटवर तळहाताने दाबून पाहिले, पुढे दाबले, कडेला दाबले. कोथिंबिरीच्या जुडीसारखी ती सीट निरखली. आणि भर दुकानात, जमिनीवर दोन्ही पाय ठेवून, बायकोच्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "ही जरा कडक आहे. मागे बसलं की कंबरेत दणके बसतात. तू इतकी वर्षं कधी बोलली नाहीस."

"तुमचं संपलं तर मी बोलणार ना," शकुनताई म्हणाल्या.

"फोम जाड करून मिळेल?" त्यांनी झुमाला विचारले. "आणि एक अट आहे, शकुन. ट्रामचे रूळ आले की तू उतरायचंस. मी गाडी पलीकडे नेईन, तू चालत यायचंस, मग बसायचंस."

"अहो, लोक हसतील."

"हसू देत."

"आणि चिमटा?"

"तो उतरायच्या आधी काढ."

गाडी घरी आली, शकुनताईंनी तिला हळदकुंकू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेवले. शेजारच्या बौदीने, म्हणजे बंगाली वहिनींनी, जीभ हलवत मंगलकार्यातली उलुध्वनी करून गल्ली दणाणून सोडली. तेव्हापासून उत्तर कोलकात्यात हे दृश्य कुणालाही पाहायला मिळते. रूळ आले की एक मोटरसायकल थांबते. चिमटा निघतो. एक काकू पदर सावरून उतरतात आणि राणीच्या चालीने रूळ ओलांडतात. मागे बसवाला भोंगा वाजवतो, वाहतूक पोलीस हात आडवा करून बसवाल्यालाच थांबवतो. पलीकडे पुन्हा गाडीवर बसताना त्या विचारतात, "हं, काय म्हणत होतात?" आणि श्यामराव तुटले तिथून पुढे सुरू होतात. घड्याळवाल्याकडे जायला आता पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. तो दुकान बंद करून झोपलेला असतो. मग दोघे बागबाजारच्या घाटावर बसून तो उठण्याची वाट पाहतात, आणि वाट पाहताना, नवल असे की, गाडी उभी असूनही बोलत राहतात.

हे दयाघना, या माउलीचे अहेवपण अखंड राहो, तिच्या बोटांतली पकड कधी सैल न होवो. श्यामरावांचे हाड वज्राचे होवो आणि वाणी पाण्यासारखी वाहती राहो. लेक चैत्रालीला जोडीदार असा लाभो की जो घरी बसूनही बोलेल, आणि तिच्या मराठीतले कर्ते तिच्या क्रियापदांशी सुखाने नांदोत. पाईकपाड्याच्या त्या घरात अन्न असो, हसू असो, दारी गाडी सुस्थितीत असो; आणि त्या घरावर, त्या घराला जोडलेल्या प्रत्येक जिवावर, तुझ्या कृपेची सावली सदैव राहो.