सीटबेल्टवरची गाळाची रेघ

तळोद्याहून डोंगरातल्या गावांपर्यंत उखाने अठ्ठावीस वर्षं जीप चालवली. मग गुडघ्याने दगा दिला, क्लच दाबवेना. सहा महिने तो घरीच बसून होता. आपलं काम संपलं, असं त्याने मनाशी धरलंच होतं.

तेवढ्यात शेजारची रूपाली आली. ती नर्स होती, बदली घाटापलीकडच्या लांबच्या आरोग्य उपकेंद्रात झाली होती. "मामा, जुनी गाडी लेवानी शे. देखाले चाला ना."

उखा टाळाटाळ करू लागला, तशी बायको नर्मदाबाई म्हणाली, "जा ना! घरमा बशीसन काय करस?"

नंदुरबारला जुन्या गाड्या विकणाऱ्या भूपेशच्या आवारात पांढरी गाडी आरशासारखी चमकत होती. रूपालीला ती बघताक्षणी आवडली.

उखाने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. "इंजिन गरम शे, भाऊ. थंडं होऊ दे, मंग चालू कर. आम्हले घाई नई."

सकाळी गार इंजिन सुरू होताना खोकतं, धूर टाकतं. ते लपवायला काही विक्रेते गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी तापवून ठेवतात, हे त्याला माहीत होतं. इंजिन निवेपर्यंत त्याने दारांच्या फटी पाहिल्या, पायाखालची चटई उचलून वास घेतला. मग सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. आतल्या टोकाला गाळाची वाळकी रेघ होती.

"पोरी, ही पानीमा बुडेल गाडी शे. लेऊ नको."

"पन मामा, रंग त किती मस्त शे!"

"रंगले काय करशी? घाटमा बंद पडनी त?"

भूपेशचा चेहरा उतरला.

पुढच्या आठवड्यात कोरीटला एका निवृत्त गुरुजींची गाडी पाहिली. मागचं दार चेपलेलं. गुरुजींनी स्वतःच सांगितलं, "एसी चालत नाही, आणि हे दार मीच खांबाला ठोकलं." इंजिन गार होतं, तरी पहिल्या चावीला सुरू झालं. उखाने आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अंकन् अंक ताडून पाहिला, रूपालीला खडबडीत रस्त्यावर चालवायला लावली, आणि मान डोलावली. रूपालीने तीच गाडी घेतली.

चार दिवसांनी भूपेश उखाच्या दारात उभा! उखाला वाटलं, भांडायला आला.

"दादा, ती गाडी मी लिलावमा लिनी व्हती. मालेच फसाडं. आते शनवारले दोन गाड्या देखानी शेत. चाला ना मन्हासंगे."

उखा थोडा वेळ गुडघा चोळत राहिला. "येसू. पन गाडीमा खोट राहीनी त गिऱ्हाईकले तोंडवर सांगसू."

"सांगा, दादा. मालेबी तेच पाहिजे."

शनिवारी उखाने इस्त्रीचा शर्ट घातला. पहिल्या गाडीच्या इंजिनातलं तेल त्याने बोटांवर चोळलं, लोखंडाची कच लागली, तसा त्याने नकार दिला. भूपेश सरळ पुढच्या गाडीकडे वळला. दुसरीपाशी उखा बराच वेळ रेंगाळला, मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून म्हणाला, "हिले जरा ऐकू द्या," आणि चावी फिरवली.